घराले नाक नाई

आमच्या चार क्वार्टरांतली माणसं कुठं लग्नाकार्यात भेटली, की कोणीतरी हळूच म्हणतं, "तो भिंतीचा पावसाळा आठवते काय?" झालं. पंगत उठून जाते, आम्ही उठत नाही. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला त्याच्या घरचा आठवतो, तिसरा म्हणतो असं नव्हतं, तसं होतं. दर भेटीत एखादा अगदी नवा निघतो. इतकी वर्षं त्या माणसानं तो पोटात ठेवलेला असतो आणि आता नातवंडं झाल्यावर सांगायला हरकत नाही, असं वाटून बाहेर काढतो. मी बायकांतली, आणि माझे यजमान ऑफिसातले. त्यामुळे माझ्याकडे दोन्ही बाजूंचे साठले आहेत.

हे पन्नासच्या दशकातलं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं. आमचं ऑफिस अहेरीच्या पुढं, सिरोंच्याच्या रस्त्यावर, सागाच्या जंगलात. यजमान तिथं ड्राफ्ट्समन होते, म्हणजे जंगलाचे नकाशे काढायचे. आधी आम्ही सगळे मातीच्या, कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या घरांत राहत होतो. मग आमच्यासाठी चार पक्के क्वार्टर बांधून झाले. दगडाच्या भिंती, वरून सिमेंटचा गिलावा, खाली फरशी; छप्पर कवेलूंचंच, पण फट न ठेवता बसवलेलं. ज्येष्ठात आम्ही मोठ्या तोऱ्यात राहायला गेलो. आषाढात भिंतींना घाम फुटला.

स्वयंपाकघराला धुराडं ठेवायला बांधणारा विसरला होता. खिडक्या प्रत्येकी दोन, त्याही पाटाएवढ्या, आणि आम्ही त्या बंद ठेवायचो. कोणाला अस्वलाची भीती, कोणाला शेजाऱ्याच्या डोळ्यांची, मला किड्यांची. आत चूल, आत न्हाणी, आत दोरीवर ओले कपडे. पण भिंतीला पाणी कुठून येतं हे शोधताना आमच्यापैकी कोणी आपल्या घरात पाहिलं नाही. सगळ्यांनी दुसऱ्याच्या घरात पाहिलं.

•

पहिला संशय कोटावरून आला.

पहिल्या क्वार्टरात हेडक्लार्क दौलतरावजी आणि त्यांच्या पत्नी अनसूयाबाई राहायचे. दौलतरावजींचा एक काळा कोट होता. मोठे साहेब दौऱ्यावर आले की तो अंगात, एरवी खुंटीवर. आषाढात बरेच दिवस साहेब फिरकले नाहीत. एके दिवशी येणार म्हणून निरोप आला, कोट काढला, तर खांद्यांवर आणि बगलेत हिरवट पांढरा बुरा. दौलतरावजींनी तो नाकाशी धरला.

"माहा वास नोहे हा," ते अनसूयाबाईंना म्हणाले. "कोनीतरी घालून गेलं."

माणूस वाईट नव्हता. पण सगळं आयुष्य फायली तपासण्यात गेलेलं. कागदावर डाग पडला तर तो कोणाच्या तरी हातानं पडतो, एवढंच त्यांना माहीत. ते कोट घेऊन ऑफिसात गेले आणि एकेकाला घालून बघायला लावला. आमच्या यजमानांच्या बाह्या बोटांच्या खाली आल्या. फॉरेस्टर महादूभाऊंचे खांदे आत शिरेनात. स्टोअरकीपर करीमभाईंना मात्र असा बसला, की शिंप्यानं त्यांच्याच मापाचा शिवला असावा.

दौलतरावजींनी कोट परत घेतला. त्या दिवसापासून करीमभाईंच्या डबीतलं पान घ्यायचं त्यांनी सोडलं.

करीमभाई चांद्याचे. त्यांचं घराणं अत्तराच्या व्यापारातलं, बोलणं फार अदबीचं. त्यांनी पंधरा दिवस सहन केलं. मग एका सकाळी ते स्वतःची मखमली टोपी घेऊन आले. टोपी आतून बाहेरून हिरवी झाली होती. ती त्यांनी दौलतरावजींच्या टेबलावर ठेवली.

"दौलतरावजी, आपका कोट मैंने पहना, चलो मान लिया. अब मेरी टोपी किसने पहनी, इसकी भी जाँच कर दो."

दौलतरावजींनी टोपीचा वास घेतला. मग खुंटीवरच्या कोटाचा घेतला. पुन्हा टोपीचा.

"वास तर एकच हाय," ते म्हणाले.

"वही तो बोल रहा हूँ."

"म्हनजे मानूस बी एकच हाय," दौलतरावजी म्हणाले, आणि त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं.

•

चौथ्या क्वार्टरात महादूभाऊ, त्यांची आई पार्वताबाई आणि बायको शेवंता. शेवंताचं लग्न होऊन वर्ष झालेलं. पार्वताबाईंचं आंब्याचं लोणचं आमच्या ओळीत नावाजलेलं. चिनी मातीची मोठी बरणी, तोंडाला फडकं, कोपऱ्यात ठेवलेली.

श्रावणात बरणी उघडली तर वर पांढरी साय. पार्वताबाईंनी फडकं खाली ठेवलं आणि सुनेकडे पाहिलं.

"तू शिवली."

"नाई जी, आत्याबाई."

"दूर बसायच्या दिवसात तू शिवली. त्याबिगर बुरा येत नाई लोनच्यावर. चाळीस वर्सं झाले मले लोनचं घालता घालता."

शेवंतानं देवाची शपथ घेतली, महादूभाऊंच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. पार्वताबाईंचा शपथेनं संशय वाढला. जिनं काही केलं नाही ती इतक्या शपथा कशाला घेईल, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस चौथ्या क्वार्टरातून भांड्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी महादूभाऊ शेवंताला माहेरी पोचवून आले. किती दिवसांसाठी, हे कोणी बोललं नाही. ती जाताना माझ्या दारावरून गेली. तिनं मान वर केली नाही आणि मीही हाक मारली नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं होतं, की शिवली असेल.

पार्वताबाईंनी दुसरी बरणी भरली. या खेपेला लिंबाचं. आंघोळ करून, ओल्या केसांनी. बरणी आतल्या खोलीत अगदी भिंतीला टेकवून ठेवली, खोलीला कडी घातली. महादूभाऊंनाही आत जायची बंदी.

पंधरा-वीस दिवसांनी शेवंताचे वडील तिला घेऊन आले. म्हातारा भाताचं निंदण टाकून चालत आला होता. तो ओसरीवर बसला आणि म्हणाला, "बाई, पोरगी ठेवा नाईतर नका ठेवू. पन तिच्यासमोर बरनी उघडा."

पार्वताबाईंनी कडी काढली, बरणी बाहेर आणली, फडकं सोडलं. वर बोटभर जाडीचा बुरा. आम्ही सगळ्या दारात उभ्या होतो. 

मग शेवंतानं विचारलं, अगदी हळू, रागानं नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं. "आत्याबाई, या खेपेस कोन शिवलं?"

पार्वताबाईंनी बरणीची मागची बाजू बघितली. ती ओली होती. त्यांनी पदरानं पुसली, पदर हातात पिळला.

"भिंत शिवली," त्या म्हणाल्या. आणि उठून व्याह्यांसाठी चहा ठेवायला गेल्या.

•

आमच्या घरचंही सांगते, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकून ठेवलं.

यजमान एक मोठा नकाशा घरी घेऊन यायचे. ऑफिसात कवेलू गळायचे म्हणून. संध्याकाळी एक रस्ता पट्टीनं मोजून ठेवला, सकाळी मोजला तर ज्वारीच्या दाण्याएवढा जास्त. पुन्हा मोजला, तेवढाच. त्यांनी पट्टी बदलली. तरी तेवढाच.

"सुशीला, नकाशाला हात लावला होतास?"

"मी कशाला लावू?"

"मग रस्ता वाढला कसा?"

मला त्या बोलण्याचा राग आला. मी म्हटलं, आता तुम्ही तो नळीत घाला, नळीला लाख लावा आणि नळी उशाशी घेऊन झोपा. त्यांनी तसंच केलं. आठ दिवस झड लागलेली, सूर्य दिसला नाही. लाख फोडून नकाशा काढला तर रस्ता आणखी अर्धा दाणा वाढलेला. आता माझ्यावर आळ घेता येईना. पण जेवताना मधूनच माझ्या हातांकडे पाहायचे.

मग दोन दिवस लख्ख ऊन पडलं. त्यांनी नकाशा अंगणात बाजेवर पसरला, दुपारी मोजला. रस्ता मूळ मापाचा झाला होता. मला वाटलं, सुटले. म्हटलं, "झालं ना समाधान? कागद ओलीनं फुगला होता."

ते बाजेपाशी उभेच. पट्टी हातात.

"वाढवला तो वाढवला," ते म्हणाले. "पण आता परत कमी कोणी केला?"

•

घरं सारवायला आणि भांडी घासायला लच्चीबाई यायची. गोंडीण, पाड्यावरची, पन्नाशीची. मराठी मोजकं बोलायची. नव्या क्वार्टरात फरशी आल्यावर सारवायचं काम संपलं, पण ती यायची थांबली नाही.

त्याच श्रावणात अनसूयाबाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर काळा डाग उठला. आधी तळहाताएवढा. मग त्याला खांदे फुटले, मग डोकं. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बाई, असं सगळ्यांना दिसायला लागलं. मलाही दिसलं. अनसूयाबाईंना मूल नव्हतं, आणि त्यामुळे असल्या गोष्टी त्यांच्या मनाला लवकर लागायच्या.

"कोनीतरी करून राह्यलं आमच्यावर," त्या मला म्हणाल्या. "सांगू कोनाले?"

लच्चीबाईनं तो डाग पाहिला. जवळ गेली, नखानं खरवडला, नखाचा वास घेतला. मग छताकडे पाहिलं, बंद खिडकीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "याच्यात देव नाई. भूत बी नाई. तुमच्या घराले नाक नाई."

"म्हनजे?"

"आमच्या घराले भिंत आन् छप्पर याच्यात फट ठेवतो आमी. घर श्वास घेते. हे घर तोंड दाबून बसलं."

जाताना तिनं चुलीजवळ कडुलिंबाचा पाला टाकला, धुरी द्यायला. आणि तिथंच सगळं बिनसलं. अनसूयाबाईंनी तो पाला पाहिला आणि त्यांच्या मनानं घेतलं, की पाला टाकणारीच करणी करणारी. दुसऱ्या दिवसापासून लच्चीबाईला पहिल्या क्वार्टरात यायची बंदी झाली. मग एकेक करून तिन्ही घरांत. माझ्याकडे ती येत राहिली, पण मीसुद्धा ती काम करताना स्वयंपाकघरातून हलायची नाही.  एकदा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, माहे हात पाहून राह्यल्या? पाहा. नीट पाहा." आणि दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. राखेनं पांढरे झालेले. मला कुठं बघावं कळेना.

पुढचे पंधरा दिवस ती पहिल्या क्वार्टरात फिरकली नाही, तरी भिंतीवरची बाई वाढली. तिच्या मांडीवर मूल दिसायला लागलं. अनसूयाबाईंनी जेवण सोडलं. शेवटी त्यांनीच मला सांगितलं, "तिले बोलावून आन. मी नाई जाऊ शकत. मले लाज वाटते."

लच्चीबाई आली.  हातात बांबू होता. तिनं स्वयंपाकघरात उभं राहून बांबूनं वरचे दोन कवेलू उचलले आणि खाली दगड अडकवून फट ठेवली. मग दोन्ही खिडक्या उघडल्या. चुन्याचं पाणी करून भिंत घासली. चूल पेटवली. धूर सरळ वर गेला, फटीतून बाहेर.

आठवड्यात भिंत पांढरी झाली. शेवटच्या दिवशी अनसूयाबाई त्या जागी उभ्या राहून बघत होत्या. "गेली," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "लेकरू घेऊन गेली."

•

कवेलू हलवलेले पाहून कोणीतरी वर कळवलं, आणि चांद्याहून ओव्हरसियर आला. हे क्वार्टर त्याच्याच देखरेखीखाली बांधलेले. त्यानं भिंत पाहिली, कवेलू पाहिले आणि त्याचा संशय तयारच होता.

"तुम्ही लोक भिंतीवर पाणी ओतता," तो म्हणाला. "इथून बदली पाहिजे म्हणून."

दौलतरावजींना फार लागलं. ते म्हणाले, "साहेब, बसा आमच्या घरी. डोळ्यानं पाहा कोन ओतते ते."

"बसतो."

त्यानं कवेलू परत बसवून घेतले. दारं, खिडक्या स्वतः लावल्या, बाहेरून कोणी पाणी टाकू नये म्हणून. आणि कोणी पाठीमागे लबाडी करू नये म्हणून चारही घरांतली माणसं आत घेतली. त्या एका खोलीत आम्ही नऊ जण आणि दहावा तो. बाहेर झड. पाहुणा आलेला, म्हणून अनसूयाबाईंनी आतच चहाचं आधण ठेवलं. दहा जणांचं.

ओव्हरसियर खुर्ची भिंतीपासून हातभर अंतरावर घेऊन बसला. टक लावून. चहा उकळला. आम्ही प्यालो. दुसरं आधण चढलं. तासाभरानं गिलाव्यावर बारीक मोत्यांसारखे थेंब उठले. मग एक थेंब दुसऱ्याला मिळाला आणि ओघळ खाली आला. कोणी जागचं हललं नव्हतं.

त्यानं उठून भिंतीला बोट लावलं. बोट पाहिलं. आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या कपाळावरूनही ओघळ चालला होता.

महिन्याभरानं त्याचा अहवाल ऑफिसात आला. बांधकामात दोष नाही. दमटपणाचं कारण, रहिवाशांचा श्वासोच्छ्वास.

दौलतरावजींनी तो दोनदा वाचला. चेष्टा हा प्रकार त्यांच्या स्वभावात नव्हता. त्यांनी सरळ कागद ओढला आणि वरच्या ऑफिसला लिहिलं, "सदर क्वार्टरात राहताना कर्मचाऱ्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी श्वास किती घ्यावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे."

उत्तर आलं नाही. ते दरमहा स्मरणपत्र पाठवत राहिले.

•

करीमभाईंच्या पत्नी जैनबबी. तिसरं क्वार्टर. करीमभाईंना गोदामाचा अनुभव, त्यामुळे त्यांना एक उपाय ठाऊक होता. कळीच्या चुन्याचे खडे मडक्यात घालून कपाटात ठेवायचे. चुना हवेतली ओल ओढून घेतो, कपडे कोरडे राहतात. त्यांनी बाकी तिन्ही घरी मडकी पाठवली. आम्ही कोणी ती वापरली नाहीत. फुकट काऊन देऊन राह्यला, काई मतलब असन, असं पार्वताबाईंचं म्हणणं, आणि आम्हाला ते पटलं.

जैनबबींनी मात्र आपल्या कपाटात मडकं ठेवलं. वर ईदचे कपडे.

एका दुपारी त्यांच्या घरातून हाक आली. कपाटात नाग आहे. आम्ही धावलो. खरंच, बंद कपाटातून फुस्स, फुस्स असा आवाज येत होता. थोडा थांबायचा, पुन्हा यायचा. महादूभाऊ काठी घेऊन पुढं झाले. दौलतरावजी खिडकीबाहेर थांबले, पण कागद-पेन्सिल घेऊन, कारण सरकारी क्वार्टरात जनावर निघालं तर नोंद करावी लागते.

महादूभाऊ जंगलातले, सापाला भिणारे नव्हेत. पण कपाटाच्या फटीतून वाफ बाहेर आली तसे तेही दोन पावलं मागं सरले.

"असा नाग मी नाई पाह्यला कदी," ते म्हणाले. "धूर सोडून राह्यला."

अर्धा तास सगळे तसेच. कोणी कपाट उघडेना. कोणी दुसऱ्याला उघडू देईना. शेवटी जैनबबी पुढं झाल्या. त्यांना कपड्यांची काळजी. त्यांनी दोन्ही दारं सरळ ओढली.

आत साप नव्हता. कपाटावरच्या छतातून थेंब थेंब पाणी गळत होतं, ते फळीच्या चिरेतून थेट मडक्यात. प्रत्येक थेंबाला चुना फुसफुसत होता, उकळत होता. मडकं तडकलं होतं.

जैनबबींनी खिडकीकडे पाहिलं. दौलतरावजींच्या कागदावर लिहून झालं होतं, नाग, काळा, अंदाजे साडेचार फूट.

"भाईजान," त्या म्हणाल्या, "लंबाई थोडी कम कर दो. मटका छोटा था."

त्यानंतर मात्र आम्ही सगळ्यांनी चुन्याची मडकी ठेवली, गळती नसलेल्या जागी. चारही घरांचे दोन-दोन कवेलू उचलले गेले. खिडक्या दुपारी उघडायला लागलो. लच्चीबाई प्रत्येक घरात जाऊन भिंतीवर तळहात ठेवून बघायची आणि मान हलवायची.

•

आश्विनात ऊन पडलं. सगळ्यांनी पेट्या बाहेर काढल्या, अंगणात बाजा टाकल्या, कपड्यांना उन्हं दाखवायला. अनसूयाबाईंची लग्नातली पेटी निघाली. दौलतरावजी दुपारचे जेवायला आले होते. पेटीच्या तळाशी घातलेलं वर्तमानपत्र त्यांनीच उचललं, कारण कसर लागली का ते बघायचं होतं. त्याखाली एक घडी केलेलं पत्र निघालं.

ओलीनं शाई पसरली होती. वरचा कोपरा आणि खालची सही बुऱ्यानं खाल्लेली. मधल्या तीन ओळी तेवढ्या वाचता येत होत्या. "पावसाळा संपला की येतो. तोवर जिवाला जप. तुझी फार आठवण येते."

"हे कोनाचं?" दौलतरावजींनी विचारलं.

अनसूयाबाई लुगडं झटकत होत्या. त्यांनी पाहिलं. 

"माहं हाय."

"तुले लिहिलं कोनी?"

 अनसूयाबाईंनी लुगडं दोरीवर टाकलं आणि दुसरं उचललं.

दौलतरावजी न जेवता ऑफिसात गेले. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, की प्रत्येकानं रजेचा नमुना अर्ज स्वतःच्या हातानं लिहून द्यावा. मजकूर त्यांनी सांगितला. "पावसाळा संपला की मला रजा मिळावी." सगळ्यांनी लिहून दिला. कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण अंगणात आम्ही सगळ्या होतो. करीमभाईंना मराठी लिहिता येत नव्हतं, त्यांनी उर्दूत लिहून दिला. तोही दौलतरावजींनी उजेडात धरून पाहिला, सरळ आणि उलटा.

चार दिवस त्यांनी घरचं अन्न खाल्लं नाही. ऑफिसात फुटाणे खायचे. अनसूयाबाई रोज दोन ताटं वाढायच्या आणि एक झाकून ठेवायच्या. त्यांचा भाऊ ब्रह्मपुरीला होता. "तुमची बहीण घेऊन जा," असं पत्र दौलतरावजींनी त्याला लिहून तयार ठेवलं आहे, हे शिपायानं सगळ्यांना सांगितलं. फक्त टपालात टाकायचं राहिलं होतं.

आम्ही बायका अनसूयाबाईंशी नेहमीसारखं बोलायचा प्रयत्न करायचो आणि जमत नव्हतं. मी एक गोष्ट कोणाला कधी सांगितली नाही, आता सांगते. तिसऱ्या दिवशी यजमान बाहेर गेल्यावर मी त्यांच्या नकाशावरची गावांची नावं काढून बघितली. त्यांचा 'प' कसा असतो ते. बघून नकाशा परत होता तसा गुंडाळून ठेवला.

पाचव्या दिवशी यजमानच दौलतरावजींच्या टेबलापाशी गेले. सगळे अर्ज पसरलेले, मधोमध ते पत्र.

"दौलतरावजी, एकाचं अक्षर तपासायचं राहिलं."

"कोनाचं?"

"तुमचं."

दौलतरावजी रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी कोरा कागद घेतला, टाक बुडवला आणि लिहिलं. "पावसाळा संपला की येतो." शाई वाळायच्या आत दोन्ही कागद शेजारी ठेवले. पत्रातली अक्षरं इतकी पसरलेली, की ती कोणाचीही म्हणता आली असती. त्यांनी एकेका अक्षरावर बोट फिरवलं.

"हा ळ माहा हाय," ते म्हणाले. "माहाच हाय हा ळ." मग खुर्चीला टेकले. "लग्न झालं त्याच वर्सी मी मोहर्लीच्या नाक्यावर होतो. पावसाळाभर अडकून पडलो होतो. तवा लिहिलं असन." आणि पुन्हा, स्वतःशीच, "लिहिलंच असन."

मेव्हण्याला लिहिलेलं पत्र त्यांनी फाडलं. घरी येऊन तीन भाकरी खाल्ल्या. ते जुनं पत्र ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवलं, आणि कोणी आलं की दाखवायला लागले. "त्या वयात आमी बी असं लिहीत होतो." करीमभाईंनाही दाखवलं, त्यांच्या डबीतलं पान घेत घेत.

दोन दिवसांनी मी आणि अनसूयाबाई अंगणात वाळलेली लुगडी घडी घालत होतो. मला फार हलकं वाटत होतं. मी म्हटलं, "बरं झालं, अनसूयाबाई. अक्षर त्यांचंच निघालं."

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक जुळवलं, सुरकुती हातानं सपाट केली.

"मोहर्लीवरून यांनी एकच पत्र धाडलं होतं, सुशीला. त्यात छत्री मांगितली होती. धर, तिकडचा काठ धर."

मी काठ धरला.